सायकल घ्यायचीय? मग आधी स्टिकर बघा

तुम्हाला सायकल घ्यायचीय. शुगर बॉर्डरवर आलीय, नाहीतर पोरगं महिनाभर कानाशी भुणभुण करतंय की सोसायटीत सगळ्यांकडे गिअरवाली आहे, नाहीतर ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याचा फोटो टाकलाय आणि तेव्हापासून तुम्हाला झोप लागत नाहीये. कारण काही का असेना, बजेट आठ-दहा हजार आणि इच्छा एकच, बघणाऱ्याला ती ऐंशी हजाराची वाटली पाहिजे. यात लाजायचं काहीच नाही, अख्खी एक इंडस्ट्री तुमच्या याच इच्छेवर जगतेय. फक्त दुकानात जाऊन वजन किती, फ्रेमचा साइज कुठला, बेअरिंग कसलं असले प्रश्न विचारू नका, साडीच्या दुकानात सुताचा काउंट विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसा दुकानदार तुमच्याकडे बघेल.

सगळ्यात आधी नाव. सायकलपासून चार पावलं मागे सरका, डोळे जरा बारीक करा आणि खालच्या जाड नळीवर काय लिहिलंय ते वाचा. ओळखीचं वाटलं? झालं, सायकल चांगली आहे. आता जवळ जाऊन परत वाचायच्या भानगडीत पडू नका. जवळ गेलं की एखादं अक्षर जास्तीचं निघतं, एखादं गायब असतं, पण अक्षरांचा तिरपेपणा, जाडी, मधली फट, शेवटच्या अक्षराची लांबवलेली शेपटी अगदी त्या मोठ्या कंपनीसारखी. काय आहे, रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलचं नाव कोणी अक्षर लावून वाचत नाही, नुसता आकार डोळ्यात भरतो, आणि हे ज्या डिझायनरला कळलं त्याने पगार वसूल करून दिला म्हणायचं. काही लोकांना नखाने स्टिकरचा कोपरा उचकटून बघायची खोड असते. नका करू. महागड्या सायकलचं नाव बहुतेक वेळा लॅकरच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक थराच्या, खाली असतं, हिचं वर चिकटवलेलं असतं, ते पहिल्या पावसाळ्यात निम्मं निघून जातं, आणि मग उरलेल्या अक्षरांतून जो काही ब्रँड तयार होतो तो मात्र शंभर टक्के ओरिजिनल.

सायकल कंपनीच्या नावाची नक्कल तुम्हाला किरकोळ वाटत असेल तर हायवेचा सर्व्हिस रोड आठवा. मधे काही वर्षं तिथे ताडपत्रीखाली रांगेने घडीच्या सायकली उभ्या असायच्या, ऑनलाइनही मिळायच्या, एकीवर बीएमडब्ल्यू, दुसरीवर जॅग्वार, तिसरीवर लँड रोव्हर. तारांच्या जागी मॅग्नेशियमच्या तीन-सहा पात्यांचं चाक, दोन्हीकडे डिस्क, घडी घालून डिकीत जाते (डिकी असेल तर). दहा-बारा हजारात जॅग्वार! शोरूमवाला टेस्ट ड्राइव्हसुद्धा देणार नाही आणि इथे माणूस वर पंप फुकट देतोय. बरं यात सगळं खोटं असतं असंही छातीठोक म्हणता येत नाही, कारण बीएमडब्ल्यू स्वतःच्या नावाने खरोखर सायकली विकते, हमरच्या नावाची घडीची सायकल एका अमेरिकन कंपनीने रीतसर लायसन्स घेऊन काढली होती. म्हणजे ताडपत्रीखालच्या माणसाशी वाद घालायला गेलात तर तो मोबाइलवर खरी वेबसाइट काढून दाखवेल आणि तुम्ही गप्प.

आणि लँड रोव्हरवाल्या सायकलची गंमत तर वेगळीच आहे. आज आपण ज्याला सायकल म्हणतो, म्हणजे दोन सारख्या आकाराची चाकं, मधे पेडल, मागच्या चाकाला चेन, तिची घडण जगाने उचलली ती १८८५ साली इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांनी काढलेल्या सायकलवरून, आणि त्या सायकलचं नाव होतं रोव्हर. तीच कंपनी पुढे मोटारीत गेली, १९४८ साली तिने लँड रोव्हर काढली, आणि २००८ पासून लँड रोव्हर टाटांकडे आहे, म्हणजे थेट आपल्या बॉम्बे हाऊसपर्यंत नातं. तेव्हा तुमच्या त्या दहा हजारी सायकलवर कोणी हसलं तर ठणकावून सांगा, की बाबा रे, रोव्हरचं नाव लावायचा हक्क जगात कुठल्या वस्तूला असेल तर तो सायकललाच आहे, मोटार नंतर आली. कोर्टात टिकणार नाही, पार्किंगमधे टिकेल.

कोर्टावरून आठवलं, थोडं कायद्याचं पण बघून घ्या, भांडणात उपयोगी पडतं. आपल्याकडे वस्तूच्या आकाराचं, म्हणजे डिझाइनचं रजिस्ट्रेशन केलं तर संरक्षण दहा वर्षं, वर पाच वाढवून मिळतात, पंधरा वर्षांनंतर तो आकार सगळ्यांचा. ट्रेडमार्कचं तसं नाही, तो दर दहा वर्षांनी पैसे भरून पिढ्यान्‌पिढ्या चालवता येतो. म्हणजे फ्रेमचा आकार ढापणं पुष्कळदा कायद्यात बसतं आणि गिऱ्हाइकाची गल्लत होईल असं नाव ढापणं बसत नाही. आता सायकल बनवणारा शहाणा असेल तर काय करेल? आकार बिनधास्त घेईल, नाव थोडं वाकडं करून घेईल, आणि रंग तर काय, लाल-काळा कोणाच्या बापाचा नाही. गल्लत झाली की नाही ते ठरवायला मोठ्या कंपनीने वकील लावायचा, तोवर मॉडेल बंद, नवीन स्टिकर छापून तयार.

मोठ्या कंपन्या वकील लावतात हो, पण कोणावर लावतात ते बघा. २०१३ साली कॅनडातल्या कॅलगरीजवळ एका माणसाचं छोटंसं सायकलचं दुकान होतं, नाव कॅफे रूबे. रूबे हे फ्रान्समधलं गाव, पॅरिस ते रूबे ही शर्यत १८९६ पासून चालू आहे. अमेरिकेतल्या स्पेशलाइज्ड कंपनीची रूबे नावाची सायकल आहे म्हणून त्यांनी या दुकानदाराला वकिलाची नोटीस धाडली, नाव बदल. जगभरच्या सायकलवाल्यांनी बोंब ठोकली, आणि मग कळलं की ते नाव मुळात फुजी सायकलवाल्या कंपनीचं, स्पेशलाइज्डने वापरायला घेतलेलं, आणि खरे मालक म्हणाले आमची काही तक्रार नाही, राहू दे त्याचं दुकान. स्पेशलाइज्डच्या मालकाला शेवटी माफी मागावी लागली. भाड्याच्या घरात राहून शेजाऱ्याला बाहेर काढायला निघाले होते. तेव्हा स्वस्त सायकलवाला नाव चोरतो म्हणून तुम्हाला फारच वाईट वाटायला लागलं तर हा किस्सा आठवा, बरं वाटेल.

आता नळ्या. स्वस्त सायकल घेताना नळी जितकी जाड तितकी सायकल दमदार, हा नियम पाठ करून ठेवा. जाड नळी आली कुठून ते सांगतो, म्हणजे मजा कळेल. अल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक तृतीयांश ताठ, म्हणून त्याची फ्रेम लवू नये यासाठी नळीचा व्यास वाढवावा लागतो, आणि ते परवडतं कारण अल्युमिनियमचं वजनही स्टीलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच. अमेरिकेत गॅरी क्लाइन आणि नंतर १९८३ पासून कॅननडेल यांनी असल्या गलेलठ्ठ नळ्यांच्या सायकली काढल्या, लोक आधी हसले, मग जाड नळी म्हणजे महाग सायकल हे डोळ्यांत बसलं. मग आपल्या स्वस्तवाल्यांनी काय केलं, तर तोच जाडपणा, तेच बाक, तेच फुगवटे साध्या स्टीलमधे काढले! स्टीलला त्याची गरज नव्हती, बारीक नळीतही ते ताठच असतं. पण बारीक नळीची सायकल दूधवाल्याची दिसते ना. त्यामुळे आता तुम्हाला अल्युमिनियमचा आकार आणि स्टीलचं वजन दोन्ही एकाच पैशात मिळतं, सायकल सतरा-अठरा किलोची होते, आणि तिसऱ्या मजल्यावर उचलून नेताना जो व्यायाम होतो तो चालवताना होत नाही, हा बोनस.

वरची तिरकी नळीसुद्धा बघून घ्या. रेसच्या सायकलची वरची नळी पूर्वी जमिनीला समांतर असायची, जायंट कंपनीने १९९० च्या दशकात ती तिरकी केली, डिझाइन माइक बरोज यांचं. फ्रेम छोटी-हलकी होते आणि थोड्याच मापांत बऱ्याच उंचीची माणसं बसवता येतात म्हणून. बाकीच्या मोठ्या ब्रँडनी पण मुकाट्याने ती उचलली. स्वस्तवाल्यांनी उचलताना फक्त 'थोड्या' मापांच्या जागी 'एक' माप केलं. सहा फुटी काका आणि त्यांची आठवीतली पुतणी, दोघांना तीच सव्वीस इंची, सीट वरखाली करा की! गुडघे दुखले तर शुगर तरी कमी होतेय ना.

पण खरं सौंदर्य बघायचं तर मागच्या शॉकअपमधे. सीटच्या खाली, फ्रेमच्या मधोमध ती लाल नाहीतर पिवळी स्प्रिंग असते ना, तिच्याशिवाय पोरगं दुकानातून हलत नाही. तिच्यावर पुष्कळदा छापलेलं असतं, ७५० एलबीएस पर इंच. म्हणजे ही स्प्रिंग एक इंच दाबायला ७५० पौंड, आपल्या हिशोबात ३४० किलो जोर पाहिजे. मधे तरफ असते, तिच्यामुळे मागच्या चाकावर तेवढा लागत नाही हे मान्य, पण वर बसलाय तीस किलोचा मुलगा. ती स्प्रिंग तशीच राहणार, आजन्म, कंपनीतून आली तशी. उलट काही सायकलींत ती इतकी मऊ असते की प्रत्येक पेडलला सायकल वरखाली उठाबशा काढते, तुम्ही पुढे जायला जोर लावताय आणि निम्मा जोर स्प्रिंग खातेय. मोठ्या कंपन्यांनी या एका सांध्यावर किती वर्षं डोकं घातलंय, मागच्या बिजागऱ्या नेमक्या कुठे बसवायच्या याच्या पेटंटवरून अमेरिकेत कंपन्या एकमेकींना लायसन्सचे पैसे द्यायच्या, आणि इथे बिजागरीची जागा कशी ठरते? स्टिकर झाकला जाणार नाही अशी. आठ हजाराच्या सायकलला मागे शॉकअप असेल तर त्या आठ हजारातून तेवढे पैसे कशातून तरी काढलेले असतात, पण कशातून काढले ते विचारून दुकानदाराचा मूड घालवू नका, ब्रेक लावाल तेव्हा कळेलच.

ब्रेकचं सांगायचं तर डिस्क पाहिजेच. दोन्हीकडे. वायरवर चालणारी, एकच पॅड हलणारी, दुसरा पॅड नुसता बसून राहणारी. तबकडी जरा वाकली की दर फेऱ्याला चिक-चिक-चिक असा आवाज येत राहतो, त्यामुळे घंटी घ्यायचे पैसे वाचतात. साधे रबरी व्ही-ब्रेक त्याच पैशात चांगले लागतात आणि कोणताही गल्लीतला माणूस ते नीट करतो, पण त्याचा फोटो चांगला येत नाही हो.

गिअर एकवीस. तीन गुणिले सात, कमी अजिबात घेऊ नका, वापरणार तुम्ही दोनच. इथे 'शिमानो' हा शब्द कुठेतरी दिसलाच पाहिजे, आणि तो दिसतो, मागे जिथे चेन बदलते त्या एका तुकड्यावर. बाकी क्रँक, फ्रीव्हील, चेन, हब यांच्यावर काय लिहिलंय ते वाचायला खाली वाकावं लागतं आणि दुकानात कोण वाकतंय. जाहिरातीत मात्र अख्खी सायकलच शिमानोची. मागे सात चकत्यांचं आटे मारून बसवायचं फ्रीव्हील असतं, त्याच्यामुळे उजवीकडचा एक्सल बराच लांब आधाराशिवाय राहतो आणि दोन-चार खड्ड्यांत वाकतो. आपल्याकडे खड्डे नाहीत म्हणून चिंता नाही.

आता कोणी म्हणेल की शिमानो तरी स्वतःच्या अक्कलहुशारीने वर आली ना? आली, प्रश्नच नाही. फक्त मागचा डिरेलर, म्हणजे चेन बदलणारा तोच तुकडा, तिरक्या समांतरभुज चौकोनासारख्या सांगाड्यावर हलवायचा, म्हणजे तो सगळ्या चकत्यांच्या जवळून जातो, ही आयडिया सनटूर या दुसऱ्या जपानी कंपनीची, १९६४ ची. पेटंट वीस वर्षं चाललं, १९८४ ला संपलं, आणि संपल्या संपल्या शिमानोने तो आकार घेऊन आपल्या टकटक करत बदलणाऱ्या गिअरला जोडला. बाजार शिमानोचा झाला, दहाएक वर्षांत जुनी सनटूर संपली, आज ते नाव शॉकअपवर दिसतं. कायद्याने एकदम स्वच्छ काम. घाई केली की नक्कल आणि पेटंट संपेपर्यंत वाट बघितली की टेक्नॉलॉजी, एवढाच काय तो फरक, तो स्वस्तवाल्यांना अजून कोणी समजावून सांगितला नाहीये.

आणि जायंट? १९७२ ला तैवानमधे सुरू झाली, अमेरिकेच्या श्विन कंपनीला त्यांच्या नावाने सायकली बनवून देता देता सगळं शिकली, मग स्वतःचं नाव लावलं, आणि श्विन १९९२ ला दिवाळखोरीत गेली. तैवानचीच मेरिडा बाहेरच्यांसाठीही सायकली बनवते, आणि स्पेशलाइज्डमधे तिचा मोठा हिस्सा आहे. म्हणजे कोण कोणाची नक्कल करतंय हे ठरवायला बसलात तर सायकल घ्यायची राहून जाईल. अर्थात यांनी जे उचललं ते वेल्डिंगपासून उचललं, स्टिकरपासून नाही, पण असल्या बारीकसारीक गोष्टी आपण आज धरायच्या नाहीत असं ठरलंय.

घरातली म्हातारी माणसं मधे बोलतील. आमच्या वेळच्या सायकली बघा, ॲटलस, हीरो, एव्हन, अजून गोडाउनात उभी आहे, हवा भरली की चालते. त्यांना प्रेमाने सांगा, आजोबा, तुमची पण कॉपीच होती. काळी, अठ्ठावीस इंची, सळईचे ब्रेक, स्प्रिंगची सीट, हे सगळं इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीवरून घेतलेलं. चीनमधली फ्लाइंग पिजन १९५० ला तिआनजिनमधे निघाली ती रॅलेच्या १९३२ च्या मॉडेलवरून, आपल्याकडे तर आसनसोलला सेन-रॅले रीतसर भागीदारीत होती, आणि मद्रासला १९४९ मधे सुरू झालेले टीआय (ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स) वाले हर्क्युलिस आणि पुढे बीएसए ही बर्मिंगहॅमचीच नावं लावून सायकली काढत होते. लुधियानात मुंजाल बंधूंनी हीरो १९५६ ला चालू केली, तीस वर्षांत, १९८६ ला, जगातली सगळ्यात जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात नाव. आजोबा गप्प बसणार नाहीत म्हणा. ते म्हणतील की आमची नक्कल होती पण कप, कोन, छर्रे, एक्सल हेच आधी नक्कल केले होते, ॲटलसचा पार्ट हीरोला बसायचा, वर दोन पोती आणि मागे डबलसीट बसवून चाललो, वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंगला टाकली की संपलं, आणि नाव तर आमच्या सायकलवर कंपनीने स्वतःचं लावलं होतं. मुद्दा बिनतोड आहे, म्हणूनच लगेच विषय बदला. चहा विचारा. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मधे ३ जूनला, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी बंद पडला, हे तर त्यांच्यासमोर काढूच नका.

तर सायकल ठरली, ऑनलाइन मागवली. येते ती पंच्याऐंशी टक्के जोडलेली, बाकी पंधरा टक्के तुम्ही, सोबत एक ॲलन की. त्या पंधरा टक्क्यांत हँडल, पुढचं चाक, ब्रेक आणि पेडल येतात, म्हणजे ज्याच्यावर तुमचे दात अवलंबून असतात तेवढंच. पुढचा फोर्क उलटा राहिला तरी घाबरू नका, जाहिरातीतल्या फोटोत पण कधीकधी तो उलटाच असतो. ओळखायचं असेल तर पुढची डिस्क बघा, ती डावीकडे पाहिजे, चेनच्या बाजूला दिसली तर फोर्क फिरलाय. मग जवळच्या सायकलवाल्याकडे न्या. तो आधी सायकलकडे बघेल, मग तुमच्याकडे, मग परत सायकलकडे, आणि चाक हातात धरून एक गरका मारेल. 'आऊट काढून देतो, पण राहायची गॅरंटी नाही. किती दिवस झाले?' तुम्ही म्हणणार, कालच आली. तो काही बोलणार नाही, तारा आवळायला बसेल. हा पार्ट बदलून चांगला टाका म्हणालात तर तो टाकेल, मग त्याला बसेल असा दुसरा, मग तिसरा, असं करत दोन वर्षांत तुम्ही वीस हजाराची सायकल तयार कराल, जी तुम्हाला सुरुवातीला पंधरा हजारात साध्या, बिनशॉकअपच्या, दोन ओळींचं साधं नाव लिहिलेल्या रूपात मिळत होती आणि जी तुम्ही 'काही दम नाही' म्हणून सोडून दिली होती.

एवढं करायचा कंटाळा आला तर सरळ विकून टाका. पार्किंगमधे धूळ पुसा, टायरमधे हवा भरा, फोटो डाव्या बाजूने घ्या म्हणजे गंजलेली चेन दिसत नाही, आणि सूर्य मागे ठेवा म्हणजे स्टिकरचं उडालेलं अक्षर झाकलं जातं. जुन्या वस्तूंच्या ॲपवर टाकताना तुमच्या सायकलवरचं वाकडं नाव लिहू नका, सर्चमधे येत नाही. ज्या कंपनीवरून ते उचललंय तिचं खरं नाव पूर्ण, बरोब्बर स्पेलिंगमधे लिहा आणि पुढे 'टाइप' हा शब्द टाका. इंपोर्टेड, एकवीस गिअर, डबल डिस्क, डबल शॉकअप, घरगुती वापर. फोन येतील. पहिला विचारेल लास्ट प्राइस काय, दुसराही तेच विचारेल. वजन किती असं कोणी विचारलंच, तर त्याला विकू नका, तो कटकट करेल.